गुडघ्यात इंजेक्शन घ्यायचं ठरतंय? आधी, त्या दिवशी आणि नंतरचे तीन महिने काय काय करायचं

गुडघेदुखीने वैतागलेला माणूस डॉक्टरांसमोर बसतो, डॉक्टर म्हणतात "एक इंजेक्शन देऊन बघू", आणि पुढची दोन मिनिटं इतकी पटकन जातात की कसलं इंजेक्शन, किती दिवस टिकणार, शुगर वाढेल का, उद्या चालायचं का नाही, यातलं काहीच विचारायचं सुचत नाही. माझ्या आईचं पहिल्या वेळी अगदी हेच झालं. दुसऱ्या गुडघ्याच्या वेळी मात्र आम्ही सगळं विचारून, लिहून, ठरवून गेलो आणि दोन्हीत जमीन अस्मानाचा फरक पडला, औषध तेच होतं तरी. मी डॉक्टर नाही, पण चार वर्षं तिच्या गुडघ्यांच्या मागे असल्यामुळे यातलं बरंच वाचलंय, विचारलंय, जवळून बघितलंय, ते क्रमाने लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल. यातलं कुठलंही इंजेक्शन गुडघ्यातल्या हाडांमधली झिजलेली गादी (कुर्चा) परत भरून आणत नाही. इंजेक्शनने दुखणं काही आठवडे किंवा काही महिने मागे सरतं, आणि तेवढ्या मुदतीत तुम्ही मांडीचे स्नायू कमावले तर त्याचा उपयोग मुदत संपल्यावरही राहतो, नाही कमावले तर बऱ्याचदा तीन महिन्यांनी पुन्हा तिथेच येऊन बसता.

पायरी १: दुखणं सांध्याच्या आतलंच आहे ना

हे ऐकायला वेडेपणाचं वाटेल पण इथेच बऱ्याच जणांचं चुकतं. एक्स-रेमधे दोन हाडांमधला गॅप कमी दिसला की सगळं दुखणं त्याच्या नावावर टाकलं जातं. पण एक्स-रे आणि दुखणं यांचा मेळ बसेलच असं नाही, फिल्मवर भरपूर झीज दिसते आणि माणूस आरामात जिने चढतो, आणि कोणाच्या फिल्ममधे थोडीशीच झीज पण रात्रभर झोप नाही, असं दोन्ही असतं.

घरी एक साधी गोष्ट करून बघा. कुठे दुखतं ते हाताने दाखवा. पूर्ण तळवा गुडघ्यावर फिरवून "इथे सगळीकडे" असं म्हणत असाल तर सांध्याच्या आतलं असण्याची शक्यता जास्त. एकच बोट ठेवून गुडघ्याच्या आतल्या बाजूला, सांध्याच्या दोन तीन बोटं खाली नडगीच्या हाडावर नेमकं दाखवत असाल तर तिथे स्नायूंच्या दोऱ्या हाडाला चिकटतात आणि त्याखाली एक छोटी पिशवी असते, ती सुजलेली असू शकते, मग इंजेक्शन सांध्यात देऊन उपयोग नाही, ते त्या जागी द्यायला लागतं किंवा बऱ्याचदा नुसत्या व्यायामाने बसतं. खुब्याचा सांधा खराब असेल तरी दुखतं गुडघ्यात, हे तर फारच फसवं आहे. बूट घालायला पाय वर घेताना जांघेत कळ येत असेल तर डॉक्टरांना खुबापण तपासायला सांगा. कंबरेतली नस दबली असेल तरी कळ गुडघ्याशी येते, तेव्हा सोबत मुंग्या किंवा बधिरपणा असतो का ते सांगा.

आणि गुडघा अचानक एका दिवसात टम्म फुगलाय, लाल आहे, गरम आहे, ताप आहे, तर ते नेहमीचं झिजेचं दुखणं समजू नका. जंतुसंसर्ग किंवा गाऊट (युरिक अ‍ॅसिडमुळे येणारी सांध्याची सूज) असू शकतो, आधी गुडघ्यातलं पाणी काढून तपासायला लागतं. अशा गुडघ्यात तपासणीआधी स्टेरॉइड घालू नये.

पायरी २: कोणतं इंजेक्शन, ते नावानिशी विचारा

"इंजेक्शन" हा एकच शब्द वापरला जातो पण आत जाणारी औषधं पूर्ण वेगळी असतात.

स्टेरॉइड हे सगळ्यात जुनं, १९५१ मधे हॉलंडर या डॉक्टरांनी सांध्यात हायड्रोकॉर्टिसोन देऊन त्याचे निकाल छापले तेव्हापासून वापरात आहे. आता साधारण ट्रायमसिनोलोन ४० मिलिग्रॅम किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन ४० ते ८० मिलिग्रॅम देतात, बऱ्याचदा सोबत बधिर करायचं औषध मिसळून. बधिराचं औषध तासाभरात दुखणं कमी करतं आणि संध्याकाळपर्यंत उतरतं, मग माणूस घाबरतो की इंजेक्शन फुकट गेलं. तसं नसतं, स्टेरॉइडचा खरा गुण यायला दोन ते सात दिवस लागतात. गुण टिकतो साधारण चार ते सहा आठवडे, कोणाला तीन महिने, कोणाला दोनच आठवडे. सूज आणि पाणी असलेल्या, भडकलेल्या गुडघ्यात हे चांगलं चालतं असा बऱ्याच डॉक्टरांचा अनुभव आहे.

मग दर तीन महिन्यांनी घेतच राहायचं का? २०१७ मधे एक चाचणी प्रसिद्ध झाली, १४० लोक होते, अर्ध्यांना दर १२ आठवड्यांनी दोन वर्षं ट्रायमसिनोलोन दिलं आणि अर्ध्यांना नुसतं सलाइनचं पाणी. दोन वर्षांनी दुखण्यात दोन्ही गटांत विशेष फरक नव्हता पण स्टेरॉइडवाल्यांची कुर्चा जास्त झिजलेली दिसली. म्हणून एक दोन वेळा, खरंच अडलंय तेव्हा, ठीक आहे. कॅलेंडर लावून घेत राहणं मला पटत नाही. दोन इंजेक्शनांत निदान तीन महिने अंतर हवं, आणि एका गुडघ्यात वर्षाला तीन चारच्या वर जायचं नाही, हे बहुतेक डॉक्टर पाळतात.

दुसरं हायल्युरोनिक अ‍ॅसिड, ज्याला लोक जेलचं किंवा वंगणाचं इंजेक्शन म्हणतात. सांध्यातल्या पाण्यात हा पदार्थ मुळात असतोच, झिजलेल्या गुडघ्यात तो पातळ होतो, म्हणून बाहेरून घालायचा असा विचार. एकदाच मोठा डोस किंवा आठवड्याला एक असे तीन ते पाच डोस असतात. गुण सावकाश येतो, महिना दोन महिन्यांनी सगळ्यात जास्त, आणि आला तर सहा महिन्यांपर्यंत टिकतो. पण "आला तर" हे महत्त्वाचं आहे. २०२२ मधे जुन्या सगळ्या चाचण्या एकत्र करून बघितल्या तेव्हा खोट्या इंजेक्शनपेक्षा फायदा इतका थोडा निघाला की पेशंटला जाणवेल एवढासुद्धा नाही. अमेरिकेतल्या हाडांच्या डॉक्टरांची संघटना सरसकट वापरू नका म्हणते, ब्रिटनची नाइस ही संस्था देऊच नका म्हणते, तर ऑस्टिओआर्थ्रायटिसवर, म्हणजे सांध्यांच्या याच झिजेवर, काम करणारी एक आंतरराष्ट्रीय संस्था काही पेशंटना चालेल म्हणते. शुगर फार असलेल्यांना स्टेरॉइड नको असतं म्हणून डॉक्टर कधी कधी हे सुचवतात, ते कारण समजण्यासारखं आहे. काही जेल कोंबड्याच्या तुऱ्यापासून बनतात, अंड्याची किंवा पिसांची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा.

तिसरं पीआरपी, म्हणजे तुमचंच रक्त काढून, यंत्रात फिरवून, त्यातला प्लेटलेटचा भाग गुडघ्यात द्यायचा. याबद्दल उत्साह खूप आहे आणि काही चाचण्यांत फायदा दिसलाही आहे. पण २०२१ च्या एका नीट केलेल्या चाचणीत २८८ लोकांना पीआरपीची किंवा नुसत्या सलाइनची, आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं दिली आणि वर्षाने बघितलं तर दोन्ही गटांच्या दुखण्यात फरक नाही, कुर्चेतही नाही. अडचण अशी की प्रत्येक ठिकाणी ते वेगळं बनवतात, प्लेटलेट किती, पांढऱ्या पेशी ठेवल्या का काढल्या, सगळं वेगळं, त्यामुळे एकाचा अनुभव दुसऱ्याला लागू होत नाही. घ्यायचंच ठरलं तर ब्रुफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या आधी आणि नंतर किती दिवस बंद ठेवायच्या ते विचारा.

स्टेम सेलबद्दल थोडक्यात. २०२३ मधे ४७५ लोकांवर तीन प्रकारची पेशींची इंजेक्शनं साध्या स्टेरॉइडशी ताडून बघितली, वर्षाने एकही सरस ठरलं नाही. "नवीन गादी तयार होते" असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर तिथून उठा.

वर सलाइनचा उल्लेख दोनदा आला. नुसतं मिठाचं पाणी दिलेल्या लोकांनाही बरंच बरं वाटतं, हे या सगळ्या चाचण्यांत दिसतं. म्हणून शेजारच्या काकूंना अमुक इंजेक्शनने गुण आला हे खरंच असतं, पण तो त्या औषधाचाच होता असं म्हणता येत नाही.

पायरी ३: जायच्या आधी एका कागदावर हे लिहून न्या

शुगर आहे का आणि शेवटचा एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) किती. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, कोणत्या. या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत, बहुतेक वेळा त्या चालू ठेवूनच बारीक सुईने इंजेक्शन देता येतं, आणि गोळी बंद केल्यामुळे होणारा धोका गुडघ्यात थोडं रक्त येण्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. कसली अ‍ॅलर्जी. गेल्या काही दिवसांत ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, दाताचा गळू, पायावर जखम किंवा खाजेचे फोड. यातलं काही असेल तर इंजेक्शन पुढे ढकलतात आणि ते योग्यच आहे, कारण सांध्यात जंतू गेले तर फार वाईट. त्या गुडघ्यात आधी कधी काय दिलं होतं आणि कोणत्या तारखेला, तेही लिहा. पुढच्या काही महिन्यांत ऑपरेशनचा विचार असेल तर तेसुद्धा.

शुगरवाल्यांसाठी इथे थांबून नीट सांगतो. आईच्या पहिल्या इंजेक्शनच्या वेळी आम्हाला शुगरबद्दल कोणी एक शब्द सांगितला नव्हता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला सारखी तहान लागायला लागली, तोंड कोरडं, रात्री चार वेळा बाथरूमला, आणि मीटर लावला तर ३१२. आम्हाला वाटलं मीटर बिघडला, दुसऱ्या बोटातून घेतलं तर ३०८. एरवी तिची दीडशेच्या आसपास असते. रात्री साडेअकराला तिच्या शुगरच्या डॉक्टरांना फोन केला तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न, "कुठे इंजेक्शन घेतलं का?" सांध्यात दिलेलं स्टेरॉइड थोडं रक्तात उतरतं आणि शुगर काही तासांत चढायला लागते, पहिले दोन तीन दिवस सगळ्यात जास्त, आठवड्याभरात खाली येते. त्यामुळे आधीच शुगरच्या डॉक्टरांना कळवा, गोळ्या किंवा इन्सुलिन तात्पुरतं किती वाढवायचं, मीटरवर कितीच्या वर गेलं तर फोन करायचा, हे आकडे लिहून घ्या आणि त्या आठवड्यात दिवसातून निदान दोन तीनदा तपासा. नुसती उपाशीपोटीची बघून भागत नाही, स्टेरॉइडची शुगर बऱ्याचदा दुपारी आणि संध्याकाळी चढते. आधीच शुगर हाताबाहेर असेल तर ती आटोक्यात आणून मगच इंजेक्शन.

पायरी ४: प्रत्यक्ष त्या दिवशी

सैल पँट घाला, मांडीपर्यंत सहज वर जाईल अशी. जेवून जा, उपाशी राहायची गरज नसते. सोबत कोणीतरी न्या, गाडी स्वतः चालवू नका, विशेषतः उजवा गुडघा असेल तर.

घाबरण्यासारखं खरंच काही नसतं. उताणं झोपवतात, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवतात म्हणजे पाय किंचित वाकलेला राहतो. डॉक्टर वाटीची कड बोटाने चाचपतात, जागा ठरवतात, बऱ्याचदा वाटीच्या बाहेरच्या बाजूला वरच्या कोपऱ्याशी, आणि तिथे पेनाच्या टोपणाने दाबून गोल खूण करतात. मग जंतुनाशकाने पुसतात, ते वाळेपर्यंत थांबतात (हे थांबणं महत्त्वाचं आहे, ओल्यावरच सुई घातली तर पुसण्याचा अर्धा उपयोग जातो), आणि त्यानंतर त्या जागेला कोणी हात लावत नाही. तुम्ही एकच करायचं, मांडी ढिली सोडायची. मांडी आवळली की वाटी घट्ट बसते आणि सुईला वाट मिळत नाही, म्हणून पायाची बोटं हलवत राहा, लक्षही जातं आणि मांडीही सैल राहते.

पाणी साठलेलं असेल तर आधी ते ओढून काढतात. आईच्या वेळी सिरिंजमधे फिकट पिवळं, तेलासारखं तार धरणारं पाणी आलं होतं, जवळजवळ वीस मिली, आणि ते निघाल्यावर इंजेक्शनच्या आधीच ती म्हणाली "अगंबाई, हलकं वाटलं". झिजेचं पाणी असंच स्वच्छ, पलीकडचं दिसेल असं असतं. गढूळ आलं तर डॉक्टर औषध न देता ते तपासायला पाठवतील, तेव्हा "एवढं टोचलंच आहे तर देऊन टाका" असा हट्ट करू नका. सोनोग्राफीवर बघून दिलं तर सुई नेमकी जागी जाते, जाड गुडघा असेल किंवा आधीचं इंजेक्शन लागू पडलं नसेल तर हे जरूर विचारा.

दिल्यावर पाचेक मिनिटं पडून राहा, लगेच उठून पळू नका, काहींना चक्कर येते. औषधाचं नाव, डोस, तारीख, कोणता गुडघा हे कागदावर लिहून मागा आणि मोबाईलमधे फोटो काढून ठेवा.

पायरी ५: पहिले तीन दिवस

अंथरुणात पडून राहायचं नाही, पण लांबचं चालणं, जिने, ओझं उचलणं एक दोन दिवस टाळा. घरातल्या घरात फिरा. त्या रात्री गुडघा आधीपेक्षा जास्त दुखू शकतो, औषधाच्या कणांमुळे आत चिडचिड होते, बर्फ कपड्यात गुंडाळून दहा पंधरा मिनिटं असा दिवसातून तीन चारदा ठेवा, पॅरासिटामॉल चालतं, दोन दिवसांत उतरतं. स्टेरॉइडनंतर एक दोन दिवस चेहरा लाल होऊन गरम वाटणं, झोप न लागणं, बायकांना पाळी मागेपुढे होणं हेही होतं आणि आपोआप जातं. टोचलेल्या जागी कातडी पांढरट पडणं किंवा खळगा पडणं कधीतरी होतं.

आता ज्याच्यासाठी वाट बघत बसायचं नाही ते. दोन दिवसांनंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतच चाललंय, गुडघा लाल, गरम, सुजलेला, ताप किंवा थंडी, पाय टेकवतच नाही, तर त्याच दिवशी डॉक्टर, आणि ते नसतील तर कॅज्युअल्टी. सांध्यात जंतुसंसर्ग होणं फार विरळा असतं, हजारो इंजेक्शनांत एखाद्याला, पण झाला तर काही दिवसांत सांधा खराब होतो. अशा वेळी पेनकिलर घेऊन "सोमवारपर्यंत बघू" म्हणायचं नाही. जेलच्या इंजेक्शनने कधी कधी अशीच मोठी सूज येते आणि ती जंतूंची नसते, पण ते पाणी तपासल्याशिवाय कळत नाही, म्हणून जायचं ते जायचंच.

पायरी ६: दुखणं मागे सरलं की लगेच कामाला लागा

हाच भाग सगळे सोडतात. दुखणं थांबलं की माणूस खूश होतो, सहा आठवडे मजेत जातात आणि मग पुन्हा तेच. २०२० मधे १५६ लोकांवरची एक चाचणी छापून आली, अर्ध्यांना स्टेरॉइडची इंजेक्शनं आणि अर्ध्यांना फिजिओथेरपी. वर्षाच्या शेवटी फिजिओथेरपीवाल्यांचं दुखणं कमी होतं आणि हालचाल चांगली होती. मग नुसता व्यायामच का नाही करायचा? जमत असेल तर तोच करा, इंजेक्शन घेऊच नका. पण ज्याला दुखण्यामुळे खुर्चीतून उठता येत नाही त्याला व्यायाम करा सांगून काय होणार, त्याच्यासाठी इंजेक्शन.

तिसऱ्या चौथ्या दिवसापासून हलकं सुरू करा. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती गुडघ्याने खाली दाबा, मांडी दगडासारखी झाली पाहिजे, पाच आकडे मोजा, सोडा, असं दहा वेळा. मग झोपून एक पाय वाकवलेला, दुसरा सरळ ठेवून वीतभर उचला, पाच आकडे, सावकाश खाली. आठवड्याभराने खुर्चीतून उठणं बसणं, हात छातीशी बांधून. उठताना सगळे जोर लावतात, पण खरा व्यायाम बसताना होतो, धप्पकन न बसता तीन आकडे मोजत खाली या. आईला पहिल्या दिवशी हे दोनदाच जमलं आणि तिसऱ्यांदा ती मागे पडलीच खुर्चीत, म्हणून आम्ही खुर्चीवर जाड उशी ठेवून उंची वाढवली, मग सहा, मग दहा, आणि पाचव्या आठवड्यात उशी काढली.

व्यायाम करताना दहापैकी तीन चार एवढं दुखलं तर चालतं, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मूळ पातळीला आलं पाहिजे. नाही आलं तर आदल्या दिवशी जास्त झालं, थोडं कमी करा, बंद करू नका. वजन जास्त असेल तर तेही याच काळात धरा, एक किलो कमी झालं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो, हे मोजून बघितलेलं आहे.

पायरी ७: वही ठेवा, मग पुढचं ठरवा

इंजेक्शनच्या आदल्या दिवशी तीन गोष्टी लिहा: जिना उतरताना दुखणं दहापैकी किती, रात्री किती वेळा जाग येते, आणि तीस सेकंदांत हात न टेकता खुर्चीतून किती वेळा उठता येतं. मग दर रविवारी हेच. आठवणीवर जाऊ नका, दुखणं कमी झालं की आधी किती होतं ते विसरायला होतं आणि परत आलं की कधी थांबलं होतं तेच आठवत नाही.

तीन महिन्यांनी वही उघडा. आकडे चांगले आहेत तर व्यायाम चालू, इंजेक्शन कशाला? महिना दोन महिने छान गेले आणि मग मधेच एकदा गुडघा भडकला, तर पुन्हा एकदा विचार करायला हरकत नाही. स्टेरॉइडचा गुण दोन आठवडेसुद्धा टिकला नाही, तर तेच परत घेण्यात अर्थ नाही, दुखण्याचं कारण बरोबर ओळखलंय ना ते आधी तपासा, जागा बरोबर होती का विचारा. आणि प्रत्येक वेळी गुण आधीपेक्षा कमी दिवस टिकतोय, पाय वाकडा होत चाललाय, व्यायाम नेमाने करूनही रात्री झोप नाही, तर सांधा बदलण्याबद्दल सर्जनशी बोलायची वेळ झालेली असते. ते बोलणं टाळण्यासाठी आणखी एक इंजेक्शन घेऊ नका, कारण इंजेक्शननंतर तीन महिन्यांच्या आत ऑपरेशन झालं तर नव्या सांध्यात जंतुसंसर्गाचा धोका वाढतो आणि सर्जन तेवढे दिवस थांबवतात. आईला असंच अकरा आठवडे नुसतं थांबायला लागलं, म्हणून सर्जनकडे जाताना ती वही न्या आणि शेवटच्या इंजेक्शनची तारीख त्यांनी विचारायच्या आधी सांगा.